ती घरी येणार आहे

आमच्या साडूंइतकी दुसऱ्याच्या धंद्याची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. ते माझ्या मेव्हणीचे यजमान, म्हणून बायकोचे दाजी. पुढे माझेही दाजीच झाले. हॉटेलात चहा प्यायला बसले, की यांची नजर कपावर नसायची, पाटीवर. "शेठ, पाटी आत कशाला लावलीय? आत आलेल्याला ठावं हायच की!" श्रीगोंद्याच्या एका गुळवाल्याला त्यांनी न्हाव्याच्या दुकानात गुळाची वाटी ठेवायला लावली. त्यांचं म्हणणं, अर्धी दाढी झालेला माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याला ऐकूनच घ्यावं लागतं. गूळ थोडा खपला. गर्दी मात्र न्हाव्याकडे वाढली. दाजींना त्याचाही आनंदच. कुणाचं तरी भलं झालं ना, मग झालं.

नव्वदच्या दशकात आमची कंपनी बंद पडली आणि मी नागापूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये घरघंट्या बनवायला लागलो. घरच्या घरी दळण, ही कल्पना तेव्हा नवी होती. यंत्रं चांगली होती, पण शेडमध्येच उभी होती. बायको रोज त्यांच्यावरची धूळ पुसून ठेवी. दाजी आले, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाव्हणं, वस्तू दाखवायची न्हाई. आधी लोकांना इचारायला लावायचं. चार बाया पाण्यावर बोलल्या, की पेपरात छापून आल्यावानी हुतंय."

त्यांनी बेत आखला. शिर्डीच्या रस्त्यावरच्या भिंतींवर आधी नुसतं एक वाक्य, मग त्याखाली पत्ता आणि वार, शेवटी यंत्राचं नाव. चुना फासून लालभडक अक्षरांत वाक्य उमटलं : 'ती घरी येणार आहे.' गावोगाव एकच चर्चा सुरू झाली. दाजी स्टँडवर उभे राहून ती ऐकायचे आणि रोज खुलून यायचे. पुढे त्याखाली पत्ताही आला, 'रविवार'ही आला. पण नाव टाकायच्या वेळी पेंटर निवडणुकीच्या भिंती रंगवायला निघून गेला, तो परतलाच नाही.

रविवारी सकाळी मी शेड उघडली, तर दारात बायकांची रांग. हातात नारळ, खण, ओटीचं ताट. कुणी हळदीकुंकवाचा करंडा आणलेला. सगळ्यांत पुढे राहुरीकडची एक म्हातारी. तिने आत डोकावून विचारलं, "देवी कुठं हाय?"

मला वाटलं, आज यंत्रंही जाणार आणि आपणही. दाजी मात्र पुढे झाले. काहीतरी थाप मारतील असं वाटत होतं, पण त्यांनी टोपी काढून हात जोडले.

"मावशी, देवी न्हाई. दळायची चक्की हाय. नाव लिहायचं ऱ्हायलं, चुकी माझी हाय. यांना काय बोलू नका."

म्हातारीने त्यांना खालून वर न्याहाळलं. मग पदर खोचला आणि ओटीतले गहू पुढे केले. "दळून दाव."

घरघंटी घरघरली. म्हातारीने पीठ चिमटीत धरून बोटांवर चोळलं, मागच्या बायकांना दाखवलं आणि म्हणाली, "मऊ हाय की गं! डोईवर डबा घिऊन गिरणीत जायाचं सुटलं, तर हीच देवी." तिने यंत्राला कुंकू लावलं, नारळ मात्र परत घेतला. त्या दिवसापासून माझा धंदा उभा राहिला तो राहिलाच.

हे सगळं करणारे दाजी पोटापाण्यासाठी घड्याळं दुरुस्त करत, हे मी अजून सांगितलंच नाही. ते स्वतःही कुणाला सांगत नसत. माळीवाड्यातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आली, बिघडलं की लोक नवीन घ्यायला लागले. एकदा सहज त्या बोळातून गेलो, तर त्यांच्या दुकानात दुसराच कुणी चपला विकत बसलेला. मी तसाच त्यांच्या घरी गेलो.

"दाजी, मला तरी सांगायचं! तुमच्या दुकानासाठीही भिंती रंगवल्या असत्या आपण."

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "आपल्याच तोंडानं आपलं कवतिक करायला लाज वाटती, पाव्हणं."

पुढे ते रोज संध्याकाळी शेडवर येऊन बसत. पहिल्या दिवशी मी चहा मागवला. त्यांनी तो निवांत प्यायला, चहावाल्याला काहीएक न सुचवता कप त्याच्या हातात दिला.