मी न बोललेला नवस

सरकारी पगार घेणारा माणूस सायकलवरून कामाला जातो, ही गोष्ट आमच्या भागात कुणाला पचत नाही. मी तिसगावात राहतो आणि तिथून सात किलोमीटरवरच्या एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. शाळेत शिक्षक दोनच, मी आणि एक बाई. गेल्या वर्षी जूनमध्ये मी पहिल्यांदा सायकलवर शाळेत पोचलो, तेव्हा बाईंनी आधी फाटकाबाहेर वाकून बघितलं. गाडी मागे कुठे उभी केली आहे का, हे त्या बघत होत्या. मग हळूच विचारलं, "सर, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीकच होतं. आमच्या मुलीने पुन्हा एकदा पोलीस भरतीची तयारी सुरू केली होती. पाथर्डीच्या अकॅडमीत रोज जायचं, आणि एसटीच्या भरवशावर राहिलं तर निम्मा दिवस स्टँडवरच जातो. घरात मोटारसायकल एकच. ती तिला दिली आणि मी तिची हायस्कुलातली सायकल माळ्यावरून खाली काढली. लेडीज सायकल, पुढे बास्केट, हँडलच्या दोन्ही टोकांना गुलाबी झिरमिळ्या. झिरमिळ्या मी कात्रीने कापल्या. बास्केट राहू दिली, डबा ठेवायला बरी.

दिवाळीनंतर दुसरी गाडी घेऊ, असं बायकोला सांगून ठेवलं होतं. पण दिवाळीपर्यंत मला सायकलची गोडी लागली. गाडीवरून जाताना मी इतकी वर्षं फक्त खड्डे बघत होतो. सायकलवर आल्यावर कळलं की रस्त्याला वास असतात. कुणाच्या तरी शेतात कांद्याची रोपं उपटलेली, कुणाच्या चुलीवर हुलग्याचं माडगं. पोट मात्र कमी झालं नाही. का झालं नाही ते पुढे येईलच.

मुलीचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वेळी मैदानी चाचणीतच ती थोडक्यात मागे राहिली होती. या वेळी तिने स्वतःच आम्हाला बसवून सांगितलं, "हा शेवटचा प्रयत्न. नाही झालं तर स्थळं बघा. मी नाही म्हणणार नाही." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला त्या रात्री जेवण गेलं नाही. स्थळं तर दारात यायला टपलेलीच होती. पण लहानपणापासून या पोरीच्या डोळ्यांपुढे खाकीशिवाय दुसरं काही नव्हतं.

आता नवसाचं. वस्तीच्या अलीकडे एक चढ आहे. चढ संपतो तिथे लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. पन्नाशीच्या माणसाने लेडीज सायकलवर तो चढ चढायचा म्हणजे फेफे उडते. वर पोचलो की मी रोज उतरायचो. पाय भाजत असायचे म्हणून बूट काढायचो, घाम पुसायला टोपी काढायचो, आणि श्वास जागेवर येईपर्यंत हँडलवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, मान खाली घालून उभा राहायचो. समोरच म्हसोबा आहे, हे माझ्या लक्षातसुद्धा येत नव्हतं.

समोरच्या पडीक रानात शेळ्या चारणारी एक आजी मात्र सगळं बघत होती. जोडे काढलेले, डोकं उघडं, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. तिने पंधरा दिवस बघितलं आणि निकाल देऊन टाकला. गुरुजींनी म्हसोबाला नवस बोललाय, पोरगी पोलिसात लागेपर्यंत गाडीवर बसणार नाही.

आमच्याकडे नवसाला चप्पल सोडतात, गोड सोडतात, कुणी दाढी वाढवतात. त्यात मोटारसायकल सोडणारा पहिलाच निघाला, म्हणून वस्तीला माझं फार कौतुक वाटलं. आणि मी कोण? वर्गात लिंबू-मिरची कापून त्यातून भूत निघतं का बघा, असं पोरांना दाखवणारा मास्तर. पंचवीस वर्षं अमावास्येला मुद्दाम खडूंचा नवा डबा फोडणारा.

"अहो, गाडी मुलीला दिलीये, म्हणून सायकल," मी प्रत्येकाला सांगायला लागलो.

"मग दुसरी घ्या की, तुमाला काय कमी हाय?" असं कुणी म्हणायचं, आणि लगेच दुसरा त्याला दाबायचा, "इचारू नगं रं. नवसाचं बोलायचं नसतं. बोललं की फळ जातं."

मी जितका नाही म्हणत गेलो तितका नवस पक्का होत गेला. चिडलो तर लोक म्हणायचे, उपासतापासाचा माणूस, चिडणारच. रोज येता-जाता कुणीतरी तांब्याभर ताक घेऊन उभं. कुणी पेरू द्यायचं, कुणी हुरडा, कुणी गरम भाकरीवर ठेचा. सात किलोमीटरमध्ये जेवढं जिरायचं त्याच्या दुप्पट पोटात जायचं.

श्रावणात चढाखाली पहिलं पंक्चर झालं. बाभळीचा काटा. मागून वस्तीवरचा दूधवाला मोटारसायकलवर आला, दोन्ही बाजूंना किटल्या. मी हात केला. तो थांबला, उतरला, पण मला बसू देईना.

"न्हाई गुरुजी. माझ्या हातून तुमचा नवस मोडायचा न्हाई."

"अरे बाबा, नवस नाहीये!"

"व्हय व्हय, न्हाई. मला लई माहीत हाय. चला, मी हाय सोबतीला."

आणि या पठ्ठ्याने मोटारसायकल बंद केली आणि माझ्याबरोबर ढकलायला लागला. मी पंक्चर झालेली सायकल ढकलतोय आणि तो चांगली चालू स्थितीतली गाडी ढकलतोय, असे आम्ही दोघे घामाघूम होत तो चढ चढलो. "दूध नासेल की तुझं," मी म्हणालो. "नासू द्या. पोरगी लागली पायजे," तो म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना. शाळेत पोचल्यावर बाईंना सांगितलं, तर त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या.

हिवाळ्याच्या शेवटी भरतीची मैदानी चाचणी झाली. मुलीबरोबर तिची आई गेली. मला नेमकं निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण होतं. संध्याकाळी दोघी हसत आल्या, म्हणजे बरं झालं असणार एवढं कळलं. मग लेखी परीक्षा झाली. मग वाट बघणं सुरू झालं, आणि वाट बघण्यात माझं काहीतरी बिघडलं.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची होती. आज-उद्या यादी लागणार, अशी बातमी होती. दुपारी बाराच्या उन्हात परत निघालो आणि वस्तीपासून दोनेक किलोमीटर आलो तोच पुन्हा पंक्चर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात जामखेडकडचा एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर मला ओळखत नव्हता, त्यामुळे नवसाचं काही त्याच्या कानावर नव्हतं. "या पाव्हणं," तो म्हणाला, "सायकल टाका मागं आन् बसा पुढं. ऊन किती हाय!"

मी तोंड उघडलं आणि तोंडातून शब्द आला, "नको."

तो परत म्हणाला. मी परत नको म्हणालो. त्याने माझ्याकडे, बास्केटकडे आणि बसलेल्या चाकाकडे एकदा बघितलं आणि तो निघून गेला. मी तिथेच उभा राहिलो. मला स्वतःचा संताप आला. तिची यादी तोंडावर आलीय, उगाच कशाला, असं माझ्या मनात आलं होतं. उगाच कशाला! लिंबू-मिरची कापणाऱ्या मास्तराच्या मनात! पण संताप आला तरी मी टेम्पोला हाक मारली नाही. पाच किलोमीटर सायकल ढकलत घरी आलो.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. दूधवाल्याने लांब रानातून बघितलं होतं आणि मुलीला फोन केला होता, गुरुजींनी एवढ्या उन्हात टेम्पो नाकारला, आता तुझं काम झालंच समज. मी पाणी पीत होतो आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"खरंय का पप्पा हे?"

मी तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही नवस केला नव्हता ना? मग का नाही बसलात?"

"तुझ्यासाठीच ना गं," मी म्हणालो.

"माझं नाव लागलं तर म्हसोबाने लावलं, गुरुजींच्या सायकलने लावलं. आणि नाही लागलं तर? टेम्पोत बसला असतात तर मग त्यामुळेच नाही लागलं, असं झालं असतं ना? पडले तर मी पडले, पप्पा. ते पण तुम्हीच घेणार का?"

बायको दारात उभी होती. पोरीचा शब्द न् शब्द बरोबर होता आणि तो माझ्या जिव्हारी लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलचं पंक्चर काढायला घेतलं, तर मुलगी मोटारसायकल अंगणात सुरू करून बसलेली. "बसा."

"अगं, यादी तरी लागू दे."

"यादी लागायच्या आधीच. बसा."

बसलो. माझ्याच गाडीवर मागे, डबा मांडीवर घेऊन. तिने मुद्दाम गाडी हळू चालवली. तिसगावच्या चौकात लोक बघायला लागले. वस्तीच्या रस्त्याला दूधवाला समोरून आला आणि आम्हाला बघून जागच्या जागी थांबला. चढावर शेळ्यांवाली आजी अक्षरशः रस्त्यात आडवी आली.

"अगं पोरी, काय करतीस! आज न्हाई उद्या यादी लागायची आन् नवस मोडतीस व्हय?"

मुलीने गाडी थांबवली. म्हसोबाला तिने हात जोडले, मनापासून जोडले. तिचा देवावर विश्वास आहे, माझ्यासारखी ती नाही. मग आजीला म्हणाली, "आजी, देवाला पाया पडले. पण पळालेय मी. गोळा मीच फेकलाय. जे व्हायचं ते माझ्या जिवावर हू द्या."

आजी हनुवटीवर बोट ठेवून बघत राहिली. आणि खरं सांगतो, मी मागे डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. मनात एकच चाललेलं, हिचं नाव नाही लागलं तर हा क्षण मला जन्मभर छळणार.

तिसऱ्या दिवशी यादी लागली. तिचं नाव होतं.

मी शाळेच्या व्हरांड्यात, पोरांसमोर, ढसाढसा रडलो. बाईंनी शाळा सोडून दिली. आणि वस्तीने काय केलं? म्हसोबासमोर नारळ फोडला. पोरगी स्वतः बापाला गाडीवर बसवून म्हसोबापुढं घेऊन आली, म्हणजे जिच्यासाठी नवस तिच्याच हाताने फिटला, असा अर्थ आजीने लावला होता. असा फिटलेला नवस लई ताकदीचा असतो म्हणे. आमच्या मुलीने हे ऐकून कपाळाला हात लावला.

मग शाळेत सत्कार ठरला. सायकलला झेंडूचा हार घातलेला. पहिली शाल त्यांनी माझ्याच अंगावर टाकली. मी ती काढून मुलीच्या खांद्यावर ठेवली आणि माईक हातात घेतला. म्हटलं, आज काय ते एकदाचं सांगून टाकायचं. "मी नवस केला नाही. माझ्या सायकलने काही झालेलं नाही. ही पळाली म्हणून हिचं नाव लागलं." टाळ्या पडल्या. माझं भाषण मलाच आवडलं.

तेवढ्यात मागून दूधवाल्याने विचारलं, "गुरुजी, किती टायमात पळली वो?"

मला माहीत नव्हतं. वर्षभर ती पहाटे मैदानावर जात होती, आणि मी सायकलने दमलेला माणूस सातपर्यंत झोपत होतो. ती आठशे मीटर किती वेळात पळते, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

बायकांमध्ये बसलेल्या माझ्या बायकोने जागेवरूनच उत्तर दिलं. "जूनमध्ये चार मिनिटं लागायची. गणपतीत तीन पस्तीस. मधे ताप आला तेव्हा परत तीन पन्नास. संक्रांतीला तीनच्या आत आली. चाचणीला दोन बावन्न." मोबाईलवर वेळ लावत ती रोज पहाटे मैदानाच्या कडेला उभी राहत होती. थंडीत, चिखलात, स्वतःचा गुडघा दुखत असताना. मला वाटायचं, पोरीच्या सोबतीला म्हणून जाते. तिला कुणी ताक दिलं नाही, तिच्या नावाने कुणी नवस रचला नाही. मला भयंकर लाज वाटली. मुलगी मात्र आईकडे बघून हसत होती.

ती ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी मी साडेचारलाच उठलो आणि बायकोचा मोबाईल मागून घेतला. मैदानावर उजाडत होतं. मुलगी रेघेवर जाऊन उभी राहिली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि सुटली. किती सुंदर पळते ती. खांदे सैल, मान सरळ, पाऊल जमिनीला लागतंय की नाही तेच कळत नव्हतं. दोन चकरा मारून ती धापा टाकत माझ्यापाशी आली.

"किती लागला वेळ?"

मी हातातल्या मोबाईलकडे बघितलं. बटण दाबायचं राहूनच गेलं होतं. "परत एकदा पळ ना," मी म्हणालो, आणि ती परत रेघेवर गेली.