“खूष हाव” म्हणून लिवा

जळकोटच्या अलीकडं हायवेला एक डाळमिल आहे. तिथं आम्ही वीस-बावीस बाया फतकल मारून डाळ निवडतो. मिलमध्ये सगळं होतं. मोठा वजनकाटा, कॅमेरे, शेठच्या गाडीला सावली. बायांना संडास तेवढा नव्हता. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नव्हतो.

एकदा कॉलेजातली एक पोरगी आली. कामगारांचं मनोबल मोजायचं म्हणे. छापील कागद आणलेले, वर लिहिलेलं, नाव टाकू नका, मनमोकळं सांगा. आता आमच्यात वाचता येणारी मी एकटी, तीही पुड्यांचे कागद वाचून शिकलेली. म्हणजे सगळ्यांचे कागद मीच भरणार आणि मुकादम माझ्या खांद्यावरून बघणार. काय ते गुपित!

“वरिष्ठांशी मोकळं बोलणं होतं का?” मी वाचलं.

“लई मोकळं,” शेजारीण कानात कुजबुजली, “शिव्या देताना कुठं अडतोय का त्यो?”

दुसरीनं तर सरळ त्यालाच विचारलं, “मुकादम, आमी कसं हाव?”

“खूष हाव म्हणून लिवा. न्हाय का?”

“व्हय की. तुमी म्हणता म्हंजी असंनच.”

झालं. सगळे कागद खूष. अक्षर एक, उत्तर एक. पोरगी कागद छातीशी धरून म्हणते, “मावशी, किती समाधानी आहात हो तुम्ही!” एवढं शिकून माणूस इतकं भोळं कसं राहतं, देव जाणे.

मुकादम जरा लांब गेल्यावर मी म्हटलं, “पोरी, आमचा शेठ पोत्याच्या तोंडचा दाणा बघून तूर घेतो व्हय? सळी खुपसून पोटातला काढतो. तू तर ज्यानं पोतं भरलं त्यालाच इचारलंस, माल कसा हाय म्हणून!”

तिचं तोंड उतरलं, पण पोरगी गुणाची. दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकं बांधलेली दोन मडकी घेऊन आली. मुकादमाला बाहेर बसवलं. प्रत्येकीच्या हातात दोन दाणे दिले, एक पिवळा, एक काळा. प्रश्न एकच, इथं बायांची संडास-पाण्याची सोय पुरते का? पुरत असेल तर पिवळी डाळ, नसेल तर काळा उडीद. मूठ झाकून उत्तराचा दाणा पहिल्या मडक्यात टाकायचा, उरलेला दुसऱ्यात.

संध्याकाळी पहिलं मडकं शेठच्या टेबलावर पालथं झालं. काळंभोर! पिवळे दाणे तीन. ते कुणाचे, आम्ही अजून हुडकतोय.

मुकादम एकेकीला विचारत फिरला, “तू कंचा टाकलास?”

“पिवळा, मुकादम.”

बावीसच्या बावीस पिवळ्या!

शेठला कागद कळले नसते, दाणा कळतो. महिन्यात संडास उभा राहिला. त्याला कुलूप लावलं आणि किल्ली ठेवली मुकादमाच्या खिशात. बाया लाजून मागेनात, पुन्हा पाणी पिईनात. म्हणून आता मीच जाते रोज, भरल्या मिलमध्ये, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, “मुकादम, संडासची किल्ली द्या!” शेठचं गिऱ्हाईक बसलेलं असलं की जरा जास्तच मोठ्यानं.