अवनीच्या आजोबांची जाहिरात

धायरीच्या शरच्चंद्र दाबक्यांना गोड बोलता येत नाही, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं आणि त्यांना स्वतःला त्याचा थोडा अभिमानही होता. जन्म नारायण पेठेतला, नोकरी बँकेच्या काउंटरवर. दोन्हीकडे जास्तीचा शब्द खर्च करायची पद्धत नव्हती. असा माणूस सत्तरीला टेकल्यावर लहान मुलांसाठी गोष्टींचा पॉडकास्ट करतो म्हटल्यावर लोक हसले, तर त्यात लोकांची काय चूक?

पण हसणाऱ्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा सलिल चार वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त होऊन गेला. मागे राहिली सून नम्रता आणि चिमुरडी अवनी. नम्रतानं पुन्हा लग्न करावं, हे पहिल्यांदा बोलले ते शरच्चंद्रच. सांगलीच्या रविराजचं स्थळ त्यांनीच पाहिलं, आणि पोटच्या मुलीची करावी तशी सुनेची पाठवणी केली. रविराज भला निघाला, त्याच्या आईनंही अवनीला जीव लावला. अडचण एकच झाली. आजोबांना व्हिडिओ कॉलवर पाहिलं की पोर रडून रडून आजारी पडायची. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, कॉल सणावारीच करायचे.

त्यावर तोड काढली ती नम्रतानं. "बाबा, तुम्ही तिला गोष्टी सांगायचात ना, त्या रेकॉर्ड करून पॉडकास्टवर टाका. नुसता आवाज ऐकून ती रडत नाही."

तेव्हापासून त्यांच्या गोष्टींतला, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर राहणारा एक खडूस कावळा दर आठवड्याला सांगलीच्या स्वयंपाकघरात जाऊ लागला. नम्रता पोळ्या लाटायची, फोन ओट्यावर असायचा, आणि अवनी तिच्या नव्या आजीला टेकून ऐकत बसायची. कावळा फटकन काही बोलला की दोघी खिदळायच्या. नम्रता हे सगळं मेसेज करून कळवायची आणि शरच्चंद्र तो मेसेज दिवसभर उघडून बघायचे. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

दिवाळीच्या कॉलवर अवनी फुरंगटून म्हणाली, "आजोबा, तुमच्या गोष्टी कुणीच ऐकत नाही. मी शाळेत सांगितलं तर सलोनी म्हणाली, असा पॉडकास्टच नाहीये."

झालं! नातीला चारचौघांत खोटं पडावं लागलं म्हणजे काय! शरच्चंद्रांनी लगेच फेसबुकवर जाहिरात टाकली, 'नवीन भाग प्रसिद्ध झाला आहे. इच्छुकांनी ऐकावा.' त्यांच्या पत्नी हेमाताईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "पाणीकपातीची सूचना वाटतेय." इच्छुक कुणी निघालं नाही.

तेव्हा त्यांनी नाक मुरडत फोनवर एआय घेतलं. अशा जाहिराती ते झटक्यात लिहून देतं, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यानं आधी अदबीनं नमस्कार केला आणि मग विचारलं, 'या गोष्टी तुम्ही कुणासाठी सांगता? थोडं मनातलं सांगितलंत तर लोकांपर्यंत पोचेल.'

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. माणसानं विचारला असता तर 'तुम्हाला काय करायचंय?' म्हणून ते उठून गेले असते. पण हे कुठं माणूस होतं! त्यांनी एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली आणि मग थांबताच येईना. सलिलचं शेवटचं आजारपण लिहिलं. त्याचा निळा शर्ट अजून कपाटात आहे, आणि हेमा देवळात गेली की आपण तो मांडीवर घेऊन बसतो, हे लिहिलं. अवनी रविराजला बाबा म्हणते, तेच बरोबर आहे, तरी ऐकताना काळीज तुटतं, हेही लिहून टाकलं. चार वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं, आणि आलं ते अशा ठिकाणी.

जाहिरात तयार झाली. 'मुलगा गेला. सून नवं घर मांडायला निघून गेली. नात आता दुसऱ्याला बाबा म्हणते. तरी रिकाम्या घरात एक आजोबा अजून गोष्ट सांगतात. ऐकाल?'

सही जराशी वेगळी दिसली तर चेक परत करणारा हा माणूस, पण हे वाचताना त्याचे डोळे भरून आले होते. आपलं दुःख इतकं नीट कुणीच मांडलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. घर रिकामं नव्हतं, हेमाताई आत भाजी निवडत होत्या. आणि सून निघून गेली नव्हती, तिला यांनीच समजावून पाठवलं होतं. तेवढं काही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी जाहिरात टाकली.

कावळा गावभर झाला. हजारोंनी गोष्टी ऐकल्या. शरच्चंद्र अर्धा दिवस हवेत होते, आता सलोनीची काय बिशाद! मग ते खालच्या प्रतिक्रिया वाचायला लागले. 'कसली ही सून!' 'नातीला तोडलं, देव बघून घेईल.' ते खाली खाली वाचत गेले, सगळीकडे तेच.

तेवढ्यात हेमाताई आपला फोन घेऊन आल्या. भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी ते पाठवलं होतं.

"रिकामं घर?" त्या म्हणाल्या. "मग मी कोण आहे? अहो, तो शर्ट तुम्ही काढता हे मला कळत नाही? मागाहून त्याची घडी मी घालते. मला एकदा म्हणाला असतात, तर मीही बसले असते शेजारी."

शरच्चंद्रांनी जाहिरात काढून टाकली, पण तोवर ती घरोघरच्या फोनमध्ये जाऊन बसली होती.

संध्याकाळी नम्रताचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

"बाबा, इथल्या आईंच्या भिशीच्या ग्रुपवर आलं ते. आमच्या घरानं कुणाची नात पळवली नाही, म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत. रविराज काही बोलतच नाहीये. शाळेच्या गेटवर बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. तुम्हीच मला पाठवलंत ना, बाबा?"

"हो. मीच."

"मग ते का नाही लिहिलंत?"

"चुकलं माझं. फार चुकलं, पोरी. अवनी?"

"आता या घरात तुमचा आवाज लावता येणार नाही. तिला सांगितलंय, आजोबांनी गोष्टी बंद केल्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आजोबांना माझा कंटाळा आला असेल."

हेमाताईंच्या देखत शरच्चंद्र पहिल्यांदाच ढसाढसा रडले. हेमाताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं फोन घेतला आणि म्हणाल्या, "नम्रता, ठेवू नकोस गं. त्यांना बोलायचंय."

पलीकडून फोन ठेवलेला होता.