न भाजलेला राब

सकुमावशीच्या तोंडी लागायची आमच्या वैशाखरे गावात कुणाची छाती नव्हती. "कावळा काळा, म्हंजी काळं ते सगळं कावळा काय रे?" असं विचारून ती भल्याभल्यांना गप्प करायची. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला हेच जमावाला विचारावं लागलं.

त्या दुपारी महिपतची पेंढ्याची उडवी पेटली आणि शेजारी बांधलेला बैल जिवंत जळाला. आमच्याकडे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. वाऱ्यात राब भाजला की ठिणगी उडून उडवी पेटते, हे शेंबडं पोरही सांगेल. उडवीला लागून राब होता दामूकाकाचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा. झालं! उडवी पेटली, म्हणजे दामूनं राब भाजला. एवढ्यावर अकलेचे कांदे काठ्या घेऊन निघाले.

काका ओटीवर जेवत होता. पहिलीच काठी डोक्यात बसली आणि ताटात रक्त सांडलं. तो पडल्यावर महिपतनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याच्या बरगड्या मोडल्या. मावशी किंचाळत होती, "आरं, आधी राब बघा! भाजला असता तं राख नसती का झाली?" राब कुंपणापलीकडेच होता. एकानंही मान वळवली नाही.

काकाला दवाखान्यात न्यायला जीपमध्ये घातलं. मावशी चढणार, तोच तिला महिपत काडेपेटी घेऊन कुंपणाकडे जाताना दिसला. राब जळाला की काकावरचा आळ खरा ठरणार, हे तिला कळलं. "तुमी न्या त्यांना," ती दिराला म्हणाली आणि कोयता घेऊन राबात जाऊन उभी राहिली. महिपतनं काडी ओढली, तसा तिनं त्याच्या मनगटावर घाव घातला. "पेटव! माझ्यासकट पेटव!"

पोलीस आले तेव्हा राब जसाच्या तसा होता. हवालदार म्हणाला, "हा तर भाजलेलाच नाही." सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मला वाटलं, संपलं. पण गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बारकूचा तं भाजलाय की!" लगेच दोघांनी पलीकडच्या राबाच्या मालकाची, बारकूची गचांडी धरली. मावशी मध्ये घुसली. "उडवी बिडीनं पेटत नाय? चुलीच्या ठिणगीनं पेटत नाय?"

तेवढ्यात जीप परत आली. आत काका होता, तोंडावर चादर ओढलेला. मावशीनं पाहिलं, पण ती बारकूपुढून हलली नाही.

"आधी काठ्या खाली टाका," ती म्हणाली. "मंग मी रडते."