भुईमुगापलीकडचं दुकान

बापूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांचं दुकान दाखवायला न्यायचं, हे आमच्या जुन्नरच्या घरात जेवताना ठरलं आणि पहिला विरोध माझाच होता. दुकान म्हणजे जुन्या आंबेगावातलं आमचं किराण्याचं दुकान. गाव डिंभे धरणात गेलं तेव्हा आम्ही जुन्नरला आलो. भर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावातली जोती उघडी पडतात. पण बापूजींचं हृदय थकलेलं, चार पावलं चालले तरी धाप लागायची. पुढच्या उन्हाळ्याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते. "एकदा उंबऱ्यावर बसायचंय," एवढंच ते म्हणाले. मग माझं काय चालणार?

गॅरेजवाला सलीम माझा शाळासोबती. त्याने जुन्या व्हॅनमध्ये आडवं होण्यापुरता पलंग ठोकला आणि स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह जीप लोखंडी दांड्याने मागे जोडली. नारायणगाव, मंचर, घोडेगाव असा रस्ता घ्या. डिझेल घोडेगावातच भरा, पुढे भरवसा नाही. शिनोलीत ओळखीच्या आमराईत आम्ही मुक्काम टाकला. बापूजींचं उकळून गार केलेलं पाणी आणि दशम्या बरोबर होत्याच. व्हॅन इथेच ठेवायची, धरणाच्या पोटात ती नेणं म्हणजे वेडेपणा.

सकाळी जीप सोडवली, उशा लावून बापूजींना पुढे बसवलं. पाण्याकडे उतरण्याआधी सलीमने टायरमधली हवा कमी केली. हे विसरू नका. वाळलेला गाळ वरून पापडासारखा कडक दिसतो आणि खाली लोणी असतं. मी काठीने टोचत पुढे चालत होतो, मागून जीप गुरगुरत येत होती. चढ आला की सलीम आधी बापूजींच्या चेहऱ्याकडे बघायचा, मग गिअर टाकायचा.

जोती दिसली तेवढ्यात हाक आली, "ओ भाऊ, थांबा! फुडं पेरलंय!"

हातात खुरपं घेतलेल्या एक बाई धावत आल्या. बापूजींना पाहून जागीच थबकल्या. "शेठ? तुमी व्हय?"

या हिराबाई, आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचंही घर पाण्यात गेलं, आता वरच्या वस्तीवर राहतात. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, त्याला इकडे गाळपेर म्हणतात. आमच्या दुकानाच्या जोत्याभोवती चारी बाजूंनी त्यांचा भुईमूग होता. मधोमध काळ्या दगडाचा उंबरा.

"जाऊ द्या गाडी," हिराबाई म्हणाल्या. "दोन सऱ्या मोडल्या तर काय व्हत न्हाई. दुकान तुमचंच हाय."

सलीमने गिअर टाकला.

"सलीम, गाडी बंद कर," बापूजी म्हणाले.

आम्ही जैन. बापूजींनी उभ्या आयुष्यात हिरव्यावर जाणूनबुजून पाय दिला नव्हता. बागेतल्या हिरवळीवरूनही ते जात नसत.

"मी उचलून नेतो तुम्हाला," मी म्हणालो.

"आणि तुझे पाय कशावर पडतील?"

माझं डोकं फिरलं. एवढा आटापिटा कशासाठी केला, असं मी ओरडलोच. ते उंबऱ्याकडे बघत राहिले. मग हिराबाईंना विचारलं, "शेंगा कधी निघतील?"

"पाणी चढायच्या आत काढायच्या. न्हाईतर समदं बुडतंय."

"लवकर काढ. थांबू नकोस."

ऊन चढलं तसं आम्ही जीप वळवली. परतीच्या रस्त्यावर बापूजी व्हॅनमध्ये शांत झोपले.

त्याच पावसाळ्यात ते गेले. एवढ्या खटाटोपातून मिळालं काय, असं लोक विचारतात. तेव्हा मला आम्ही परतलो ती संध्याकाळ आठवते. आईने दारातच त्यांना विचारलं होतं, "बसलात का उंबऱ्यावर?"

"नाही गं," चपला काढत बापूजी म्हणाले. "जागाच नव्हती. दुकान भरलेलं होतं."