ट्रेमध्ये दाखवा

आमच्या वसईजवळच्या उमेळ्याच्या घरात ऑपरेशन झालं हे नुसत्या सांगण्यावर कोणी मानत नाही. पोटातून काढलेली वस्तू डॉक्टरने स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर आणायची, घरच्यांनी माना पुढे करून ती बघायची, मग ऑपरेशन झालं. अपेंडिक्स असो, नाहीतर बाईची पिशवी. इकडचे जुने डॉक्टरही पक्के हुशार, कोणी विचारायच्या आत ट्रे घेऊन दारात हजर. जो दाखवायचा नाही, त्याच्याकडे परत कोणी फिरकत नसे.

माझ्या सासऱ्यांचा तर त्या ट्रेवर केवढा जीव! सासूबाईंची पिशवी काढली तेव्हा त्यांनी ती पाहिली होती. मी सून म्हणून आले तेव्हापासून प्रत्येक पाहुण्यासमोर, आणि बहुतेक जेवायला बसल्यावरच, मी ती गोष्ट ऐकत आले. दोन्ही हातांची ओंजळ करून म्हणायचे, "एवढी! डॉक्टरने चिमट्यात धरून दाखवली. मी सोता बघितली. तवापासून हिची कटकट मिटली." ताटात कोलंबीचं कालवण, आणि वर हे. एकदा भर पंगतीत मी म्हटलं, "बाबा, फोटो काढून देवघरात लावायचा होतात की." नवऱ्याने हातातला तांब्या फेकून मारला. कानशिलावर बसला. तिथली खूण अजून हाताला लागते.

सासूबाई तेव्हा वाढत होत्या. त्यांचा डावा हात कमरेवर होता. तो नेहमीच कमरेवर असायचा, वय झालं म्हणून असेल असं मी धरून चालले होते.

माझं माहेर विरारचं, चौथ्या मजल्यावरचं. वडील कोकणातून नोकरीला आलेले. आमच्याकडे कोणी कोणावर हात उचलत नसे, तोंडानेच काय ते मारायचे. त्यामुळे माझं तोंड चालतं. पाळीचं दुखणं मी शाळेत असल्यापासूनचं. दुखणं हा शब्दसुद्धा त्याला पुरत नाही. आत कोणीतरी कोयता घेऊन बसलंय आणि केळीचा बुंधा सोलावा तसं सोलतंय. उलट्या व्हायच्या, शौचाला बसलं की डोळ्यांपुढे काळोख. आई म्हणाली, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मग सगळे म्हणाले, मूल झालं की थांबेल. मुलगी झाली. कसलं डोंबलाचं थांबतंय! उलट वाढलं.

किती डॉक्टर केले! एकाने गॅस सांगितला, एकाने टेन्शन. सोनोग्राफी केली की दरवेळी नॉर्मल. ते नॉर्मल हातात घेऊन मी घरी यायचे आणि सासरे चष्मा लावून ते वाचायचे. "काय नाय हिला. नाटकं." नवऱ्याचा सातिवलीला लेथचा गाळा आहे, दिवसभर लोखंडाशी झटून त्याचा हात लोखंडाचाच झालाय. एकदा पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर पडून होते, चूल म्हणा गॅस म्हणा, काही पेटलं नव्हतं. त्याने उठ म्हटलं. मी उठले नाही. त्याने लाथ घातली ती नेमकी तिथेच, ओटीपोटात. मी त्याचा पाय धरून पोटरीला कडकडून चावले, तोंडात रक्त येईपर्यंत. मग त्याने मला केसांना धरून ओढलं. मुलगी दारात उभी राहून किंचाळत होती. सासूबाई आल्या. वाटलं, सोडवतील. त्यांनीही एक ठेवून दिली. "समद्या बायकांचं दुखतं. तुजंच काय सोन्याचं हाय?"

तेव्हा त्यांचा इतका राग आला! त्यांच्या नरडीचा घोट घ्यावा असं वाटलं, खरंच सांगते. पण त्याच महिन्यात एका दुपारी मी वाडीत फुलं तोडायला गेले, तर केळीच्या रांगेत सासूबाई उकिडव्या बसलेल्या. पदराचा बोळा दातांत, डोकं बुंध्याला टेकलेलं, आणि डोकं त्या हळूहळू बुंध्यावर आपटत होत्या. मला पाहताच उठल्या. "विंचवानं डसली," म्हणाल्या. विंचू कुठे दिसला नाही. मीही विचारलं नाही.

शेवटी वसई रोडला एका नव्या डॉक्टरीणबाईंचं नाव कळलं. एका मेडिकल दुकानाच्या वर छोटंसं हॉस्पिटल. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि नुसतं विचारत गेल्या. कधी दुखतं, शौचाला दुखतं का, नवऱ्याजवळ दुखतं का. हे शेवटचं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग आतून तपासलं, एका जागी बोट लागलं आणि मी त्यांना अशी काही शिवी दिली की बाहेरची नर्स आत आली. डॉक्टरीणबाई शांत. म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे." मी ढसाढसा रडले आणि वर त्यांनाच ओरडले, "मग इतकी वर्षं कुठे मेला होतात?" त्या हसल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्यांनी साध्या भाषेत समजावलं. पिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसंच पिशवीच्या बाहेर, पोटात कुठेही उगवतं. दर महिन्याला तिथेही रक्तस्राव होतो. ते रक्त जाणार कुठे? साचतं, सुजतं, आतडी आणि पिशवी एकमेकांना चिकटून बसतात. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून बायका वर्षानुवर्षं वेड्या ठरतात. एमआरआय काढला, त्यात दिसलं. आता दुर्बिणीने आत जाऊन ते कापून काढायचं. पिशवी मात्र ठेवायची.

घरी हे सांगितलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक. कर ऑपरेशन. ट्रेमदी कायतरी निघालं तर तू खरी. नाय निघालं तर तू विरारला जायचं, पोर हितंच रानार." नवऱ्याने मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "चालेल. पण निघालं तर या घरात माझ्यावर परत हात उठता कामा नये." सासरे म्हणाले, "कबूल." माझ्या पोटावर पैज लागली, आणि ती मीही लावली. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती.

ऑपरेशन पाच तास चाललं असं नंतर कळलं. मी शुद्धीवर येत होते, पलीकडच्या दाराशी बोलणं चाललं होतं. आवाज लांबून आल्यासारखा, पण शब्द कळत होते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, ऑपरेशन छान झालं. सासरे म्हणाले, "ट्रे कुठाय?" त्या म्हणाल्या, ट्रे नाही, हे बघा. आणि बाटली दाखवली, असं नर्सने मला नंतर सांगितलं. पाण्यासारख्या औषधात काळपट-तपकिरी चिंध्या. बोटभरही नाहीत.

"पिशवी?"

"पिशवी चांगली आहे. तिला काढायचं कारण नाही."

"एवडंसं? कोलंबीचा काळा धागा काढतात तेवडं? यासाटी पाच तास?"

नवरा ओरडला, "आम्हाला येडा समजते काय!" मग काचेचा आवाज. त्याने बाटली हिसकावून भिंतीवर फोडली होती. त्या औषधाचा वास माझ्या खाटेपर्यंत आला. नर्स किंचाळली. खुर्ची कशावर तरी आदळली, दाराची अख्खी काच खळ्ळकन खाली आली. कोणीतरी "मॅडम, मॅडम" करत धावलं. मला उठायचं होतं, पण पाय हलेनात. हातातली सुई ओढली, रक्त चादरीवर. नर्सने मला दाबून धरलं. खालच्या दुकानातली माणसं वर आली आणि त्यांनी नवऱ्याला तुडवलं तेव्हा कुठे सगळं थांबलं. सांगायला लाज वाटत नाही, त्याच्या ओरडण्याने मला बरं वाटलं.

पण लगेच पैज आठवली. ट्रे रिकामा. पोरगी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही माझ्या खोलीत आले. सासरे दारातूनच बोलले, "ठरलं होतं तसं. पोर आमच्याकडं." नवऱ्याचा ओठ सुजला होता, तो माझ्याकडे बघत नव्हता. सासूबाई भिंतीला टेकून, डावा हात कमरेवर. मी तोंड उघडणार इतक्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. भुवईवर टाके. एका चाकांच्या गाडीवर टीव्हीसारखा मोठा स्क्रीन ढकलत आणला होता. त्यांनी दार लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तक्रार लिहून ठेवलीय. सही करायची की नाही ते मी हे दाखवून झाल्यावर ठरवेन. बसा." तो मुकाट बसला.

"तुम्हाला बघायचं होतं ना? बघा."

माझंच पोट आतून. मी पहिल्यांदाच बघत होते. पिवळं, गुलाबी, ओलं, आणि त्यावर जळल्यासारखे काळे-निळे डाग. आतडं पिशवीच्या पाठीला घट्ट चिकटलेलं. बारीक कात्री येते, एकेक पदर सोडवते, रक्त भळभळतं, डागणीने ते थांबवतात, धूर निघतो. एका गाठीला चिमटा लागला आणि ती फुटली. आतून दाट, काळपट रक्त लोंढ्यासारखं पसरलं आणि सगळा स्क्रीन भरून गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे हिच्या आत वर्षानुवर्षं साचलेलं. या नळीने ओढून घेतलं. ट्रेमध्ये काय दाखवू?" नवरा उठून बेसिनकडे धावला आणि ओकला. सासरे टोपी हातात घेऊन नुसते बघत राहिले.

सासूबाई मात्र पुढे सरकल्या. स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ. बराच वेळ बघून त्यांनी बोट ठेवलं. "ह्ये पिशवीच्या भाइर हाय?"

"हो आई, बाहेर."

"मंग पिशवी काढली तर ह्ये जातं?"

"नाही. पिशवी गेली तरी हे मागे राहिलं असेल तर दुखत राहतं. काहींचं आयुष्यभर."

मला एकदम केळीचा तो बुंधा आठवला. सासूबाई वळल्या आणि सासऱ्यांकडे बघू लागल्या. आवाज अगदी हळू होता. "मी तुमाला सांगितलं हुतं. टाकं सुकायच्या आदी सांगितलं. अजून दुखतं म्हनून. तुमी काय म्हनालात?"

सासऱ्यांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली.

"म्हनालात, मी बघितलीय ट्रेमदी. आता काय दुखतं, तुझं डोस्कं? आन मारलं. मंग मी बोलायचं सोडलं."

माझ्या खाटेशेजारी ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे होता. त्यांनी तो उचलला, कापूस-पट्ट्या जमिनीवर सांडल्या, आणि दोन्ही हातांनी तो सासऱ्यांच्या तोंडावर हाणला. नाकातून रक्ताची धार लागली. परत हाणला. नवरा मध्ये आला तर त्याच्याही सुजलेल्या ओठावर बसला, तो मागे भिंतीवर आदळला. एवढीशी म्हातारी, पण कोणाला आवरेना. मग तो वाकडा झालेला रिकामा ट्रे त्यांनी सासऱ्यांच्या रक्ताळलेल्या नाकाखाली धरला. "दाखवा ना. माजं दुखनं दाखवा ह्यात. बघितलं हुतंत ना सोता?"

मी त्यांच्यावर चिडलेली बाई. त्यांनी मला मारलेलं मी विसरले नव्हते, आजही नाही. पण त्या क्षणी मी खाटेवरून, टाके ताणत, ओरडले, "मारा आई, अजून मारा!"

त्यांनी मारलं नाही. ट्रे खाली ठेवला, पदर सावरला. नवऱ्याला म्हणाल्या, "पोर आयशीसंगं रानार. कोनी हात लावला तर कोयता कुठं ठेवलाय ते मना ठाऊक हाय." त्याने नाकाडोळ्यांचं पाणी पुसत मान हलवली. तो सुधारला असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर त्याचा हात उठला नाही. सासऱ्यांनीही ओंजळ करून ती गोष्ट परत कधी सांगितली नाही.

मग सासूबाई पलीकडच्या रिकाम्या खाटेवर जाऊन आडव्या झाल्या. नऊवारीची गाठ स्वतःच सैल केली. पोटावर जुन्या ऑपरेशनचा लांब, जाड व्रण होता. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "बाय, माज्याबी पोटावर हात ठेव."

डॉक्टरीणबाईंनी हात ठेवला. व्रणाच्या खाली, डाव्या बाजूला, हळूच दाबलं. आणि इतकी वर्षं पदराचा बोळा दातांत धरलेली ती बाई सगळ्यांच्या देखत, गळा फाडून, ओरडली.