बॉडी बदलायची की नाही

“साधा कॅमेरा आहे हो माझा, अंधारात काही येत नाही त्यात.” हे वाक्य फोटोकाकांनी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की इमारतीतल्या शेंबड्या पोरांनाही ते तोंडपाठ होतं. समारंभ संध्याकाळचा असला की हे वाक्य ढालीसारखं पुढे यायचं आणि काका सुटायचे. दिवसाच्या कार्यक्रमांतून मात्र सुटका नव्हती. वाढदिवस, निरोप समारंभ, जिन्यातली गळती, कुणीतरी वाकडीतिकडी लावलेली गाडी, काहीही असो, फोटोकाकांना बोलवा! लोक जेवायला बसत आणि काका त्यांच्यासमोर ताटकळत “जरा इकडे बघा” म्हणत. त्यांचं स्वतःचं जेवण घरी येऊन, उभ्या उभ्या.

काका औषधांच्या एका गोदामात कामाला होते. मुदत संपलेली औषधं दुकानांकडून परत येत, ती वेगळी काढणं हे त्यांचं काम. दिवसभर खोक्यांवरच्या बारीक अक्षरातल्या तारखा वाचायच्या आणि खोकी बाजूला सारायची. वरिष्ठांना त्यांचं काम पसंत होतं, कारण काका कधी कुरकुर करत नसत. घरीही करत नसत. नाही म्हणणं हा प्रकार त्यांना जन्मात जमला नव्हता.

रविवारची सकाळ तेवढी त्यांची होती. उजाडायच्या आत ते पिशवीत कॅमेरा टाकून बाहेर पडत. बायकोला सांगून ठेवलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. प्रत्यक्षात ते वस्तीबाहेरच्या पाण्याच्या जुन्या टाकीपाशी जात. टाकीच्या खालच्या अंगाला पाकोळ्यांची घरटी होती. उजेड फुटला की पाकोळ्या भिरभिरत बाहेर पडत, वळत, पुन्हा टाकीखाली शिरत. काका मान वर करून उभे. तिथे त्यांना कुणी काका म्हणत नसे आणि कुणाला इकडे बघा असं सांगावं लागत नसे.

अडचण एकच होती. कॅमेरा हौशी माणसाने शिकण्यापुरता घ्यावा असा, सगळ्यांत खालच्या पायरीवरचा. त्याचा घसारा केव्हाच पूर्ण झाला होता. बटण दाबलं की तो आधी विचार करायचा, मग तीन-चार फोटो काढायचा आणि दम खात बसायचा. तोवर पाकोळी कुठल्या कुठे. काकांकडे अर्ध्या शेपट्यांचा आणि रिकाम्या आभाळाचा मोठा संग्रह झाला होता.

कॅमेऱ्याचा दुकानदार नेहमी म्हणायचा, “लेन्स झकास आहे तुमची. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा, तेवढी बदला. नवी बॉडी पाकोळीचा डोळा टिपेल.” आणि पुढे कौतुकाने जोडायचा, “अंधारात तर विचारूच नका!”

काकांचं घोडं तिथेच अडत होतं. पैसे साठले होते, बायकोलाही ते ठाऊक होतं. पण अंधारात चालणारी बॉडी घरात आली की त्या वाक्याची मुदत संपली. मग संध्याकाळीही बोलावणं, रात्रीही बोलावणं. न घ्यावी तर रविवारी शेपट्या. अशा कात्रीत काकांची किती तरी महिने तगमग चालली होती.

एका शनिवारी काकांना जिना चढता चढता दुकानदाराचा फोन आला. काका पायरीवर थांबून बोलू लागले. “हो, बॉडीचाच विचार चाललाय. जुनी झाली हो, किती दिवस ओढायची? ऐन वेळेला ढिम्म हलत नाही. बघू, या महिन्यात बदलूनच टाकतो एकदाची.”

खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातला दिवा बदलत होते. इमारतीत बॉडी म्हटलं की एकच अर्थ होता, सोसायटीचं व्यवस्थापक मंडळ. त्यात निवडणूक तोंडावर आलेली. सेक्रेटरींच्या हातातला दिवा हातातच राहिला.

संध्याकाळी ते काकांच्या दारात हजर. चेहरा पडलेला.

“काका, आमचं काय चुकलं ते तोंडावर सांगा.”

“कुठे काय चुकलंय?”

“या कानांनी ऐकलंय मी. बॉडी जुनी झाली, हलत नाही, बदलून टाकतो. पंप दुरुस्तीला वेळ लागला, मान्य! पण तुमच्यासारखा गरीब माणूससुद्धा आमच्यावर उठला म्हणजे कमाल झाली.”

“अहो, ती बॉडी नव्हे! कॅमेऱ्याची, कॅमेऱ्याची बॉडी.”

सेक्रेटरींचा विश्वास बसेना. त्यांनी आशेने काकूंकडे पाहिलं. काकू हात पुसत बाहेर आल्या होत्या.

“कॅमेऱ्याचीच हो,” काकू म्हणाल्या. “ह्यांना दुसरी कुठली बॉडी बदलता आली असती तर आधी स्वतःची नसती बदलली?”

सेक्रेटरी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. जीव भांड्यात पडला की माणूस उदार होतो. ते म्हणाले, “एवढंच ना? मग सोसायटीच घेऊन देईल. कॅमेरा मंडळाचा, पण राहील तुमच्याच घरी. आपले सगळे कार्यक्रम तुम्हीच टिपायचे. आमचीही शोभा राहील. पुढच्या शनिवारी दुकानात जाऊ.”

काकांनी तोंड उघडलं. पण नको म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि काकांकडे उभ्या आयुष्यात एकच कारण होतं. ते इथे चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

आठवडाभर जिन्यात भेटेल तो अभिनंदन करत होता. “आता रात्रीचीही सोय झाली म्हणायची, काका!” काका मान हलवत. घरात काकू खुशीत होत्या. “बसल्या जागी नवा कॅमेरा मिळतोय आणि तुमचा चेहरा हा असा! एरंडेल प्यायल्यासारखा.” काकांना घास गोड लागेना. गोदामात त्यांनी चांगल्या औषधांची दोन खोकी परतीच्या ढिगात टाकली, आणि शेजारच्याने ती हसत हसत परत आणून दिली.

शनिवारी सकाळी काका, काकू आणि सेक्रेटरी दुकानात गेले. काकांनी गळ्यात जुना कॅमेरा अडकवला होता, त्याची लेन्स नव्या बॉडीला लावून बघायची म्हणून. दुकानदाराने लेन्स चढवली आणि नवी बॉडी काकांच्या हातात दिली. अंगठा, बोटं आपोआप जागच्या जागी बसली. समोरच्या रस्त्यावर एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. काकांनी बटण दाबलं. टर्रर्रर्र! बोट उचलेपर्यंत कॅमेरा थांबलाच नाही. प्रत्येक फोटोत दोरी, हवेतली पावलं, उडालेली वेणी, सगळं स्वच्छ. काकांनी ते पुन्हा पहिल्यापासून बघितले.

“घ्यायची ना मग?” सेक्रेटरी म्हणाले. “उद्याच उद्घाटन करून टाकू. सकाळी लवकर पोरांच्या शर्यती आहेत. आणि मी काय म्हणतो, इथून पुढे दर रविवारी सकाळी काही ना काही ठेवत जाऊ. एवढा कॅमेरा नुसता पडून कशाला राहायचा?”

“रविवारी मला जमणार नाही,” काका म्हणाले.

आपण हे मोठ्याने बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

“का?”

जुनं वाक्य सवयीने जिभेवर आलं. पण अंधारात बघणारी बॉडी त्यांच्याच हातात होती. काकांनी ती काउंटरवर हळूच ठेवली.

“रविवारी मी पाकोळ्यांचे फोटो काढतो.”

“पाकोळ्या? म्हणजे पक्षी?” सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं. काकू काकांकडे बघत होत्या. “अहो, मग पाकोळ्यांचं काय एवढं? त्या काय पळून जातायत?”

“जातात ना. तोच तर सगळा घोटाळा आहे.”

दुकानदाराला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. सेक्रेटरींना मात्र काही हसू आलं नाही. “राहू द्या मग,” ते म्हणाले. “मंडळाचा कॅमेरा काही पाखरांसाठी नाही. आणि काका, माणसाने एवढंही शेफारू नये.” ते तडक निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गच्चीपर्यंत पोचणार, हे काकांना समजलं.

लेन्स पुन्हा जुन्या कॅमेऱ्याला लावून दोघं दुकानाबाहेर आले. रस्ता ओलांडल्यावर काकू थांबल्या.

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना तुम्हाला?”

“चालतो की. तिथपर्यंत.”

“दाखवा बघू ते फोटो.”

काकांनी जुना कॅमेरा काढून दिला. काकू एकेक फोटो पुढे सरकवत राहिल्या. आभाळ. पंखाचं टोक. आभाळ. शेपटी.

“हे काय? पाकोळी कुठाय यात?”

“ती गेली. हा पोचेपर्यंत ती गेलेली असते.”

“इतकी वर्षं हेच?”

“हेच.”

काकूंनी आणखी दोन-तीन आभाळं पाहिली. मग कॅमेरा परत देत म्हणाल्या, “मग घ्या ना आपला आपण. साठवून ठेवलंय ते कशासाठी?”

“घेतला की तुझ्या भाचीचं लग्न आलं.”

“ते आहेच. ताईला मी शब्द देऊन बसलेय. रात्रीचं लग्न, तेव्हा जुना चालणार नाही हे मलाही पाठ आहे. नवा आला की चालेल, असं सांगितलंय तिला.”

म्हणजे इकडूनही दार बंद होतं. काका फुटपाथच्या कठड्याला टेकले. दुकानातल्या काचेमागे बॉडी अजून काउंटरवरच दिसत होती. दुकानदार दुपारच्या सुट्टीसाठी आवराआवर करत होता.

“लग्नाला मी येईन,” काका म्हणाले. “कॅमेरा आणणार नाही. तुझ्या शेजारी बसून जेवीन.”

काकूंना हे अनपेक्षित होतं. “आणि ताईला काय सांगू मी?”

“सांग, कॅमेरा चांगलाय, माणूस बिघडलाय.”

“वा! बिघडायचं तुम्ही आणि बोलणी मी खायची? ते तुम्हीच सांगा.” काकूंनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि काकांच्या हातात दिला. “सांगा. बघू तरी.”

पलीकडे घंटी वाजू लागली. रस्त्यापलीकडे दुकानदाराने शटरला हात घातला. एका हाताने फोन कानाशी धरून काकांनी दुसऱ्या हाताने त्याला जोरजोरात खूण केली, थांब, थांब.

“हॅलो, ताई?” ते म्हणाले. “हो, मीच. एक सांगायचं होतं. नाही, नाही, तब्येत ठीक आहे. लग्नाच्या फोटोंचं बोलायचं होतं. तुम्ही दुसरा कुणीतरी बघा.”